बुधवारच्या दहा खुर्च्या

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी मला सव्वादोन वर्षं फसवलं. माझी बायको त्यांना सामील होती. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. फसवणूक उघडकीला येऊन चार दिवस झाले, आणि चार दिवसांत माझा राग नेहमीसारखा टिकला नाही, ही माझी दुसरी तक्रार आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

आधी मी कोण ते सांगायला हवं, म्हणजे फसवणूक केवढी मोठी ते कळेल. बोरिवली पूर्वेला, मोठ्या रस्त्याला लागून, माझं जुन्या फर्निचरचं दुकान होतं. कोणी घर बदलतंय, कोणाची इमारत पाडायला निघालीय, की पहिला फोन मला. सागवानी कपाट "अहो, ह्याला वाळवी लागलीय" म्हणत घ्यायचं आणि पॉलिश मारून "वाळवीची काय हिंमत" म्हणत विकायचं. नगरकडून सतराव्या वर्षी एका पिशवीनिशी आलेल्या माणसाने ह्या दोन वाक्यांवर संसार उभा केला. भाव पाडण्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. भांडणातही नाही. बायको म्हणते, पहिलं दुसऱ्यामुळे होतं, लोक दमून हो म्हणतात.

आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. बाप्तिस्मा झाला, लग्न चर्चमध्ये झालं, ख्रिसमसला मी नवा शर्ट घालून पुढच्या बाकावर बसतो. पण रविवार हा जुन्या फर्निचरचा मुख्य दिवस. नवराबायको दोघांना सुट्टी असते आणि एकट्याने कोणी कपाट विकत घेत नाही. देवाने विसाव्यासाठी नेमका तोच दिवस का निवडला, हे मला कधी पटलं नाही. बायको चर्चला जायची, मी दुकानात. ती माझ्यासाठी प्रार्थना करायची, मी तिच्यासाठी कमवायचो. वाटणी बरोबर आहे असं माझं मत होतं.

तर सव्वादोन वर्षांपूर्वी एका दुपारी सिस्टर दुकानात आल्या. त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, बारीक चणीची बाई. अख्खी नोकरी वॉर्डात गेली, त्यामुळे समोरचा माणूस उभा असला तरी तो खाटेवर पडलाय अशा आवाजात बोलतात.

"बुधवारी संध्याकाळी सातला माझ्या घरी प्रार्थना असते," त्या म्हणाल्या. "बसायला कमी पडतं. फोल्डिंगच्या दहा खुर्च्या दर बुधवारी भाड्याने हव्यात. तुम्ही स्वतः आणायच्या, स्वतः न्यायच्या."

"माणूस पाठवतो."

"माणूस नको. माणूस आदळतो, खालची बाई भांडायला येते. मालक आणेल तो जपून आणेल."

मी भाडं सांगितलं. निम्मं केलं तरी परवडेल असंच मी नेहमी सांगतो, कारण समोरचा निम्म्यावर येणारच. सिस्टर म्हणाल्या, "बरं."

एवढंच. "काहीतरी कमी करा" नाही, "आम्ही घरचेच ना" नाही. पर्स उघडली, पहिल्या बुधवारचे पैसे टेबलावर ठेवले आणि निघाल्या. भाव न करता घेणारं गिऱ्हाईक दिसलं की आधी आपला खिसा चाचपावा, हे मी आजूबाजूच्या चार दुकानदारांना शिकवलेलं आहे. त्या दिवशी मी स्वतः चाचपला नाही. मला वाटलं, म्हातारी भोळी आहे. बायकोला सांगितलं तर ती पोळी लाटत म्हणाली, "हो का? बरं झालं." तेव्हाही मला कळलं नाही. एरवी ती एका वाक्यावर थांबत नाही.

सिस्टरचं घर दुकानामागच्या दुसऱ्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पाच खुर्च्या वर नेऊन पुन्हा खाली, पुन्हा पाच. मग तासाभराने हेच उलट. एवढ्यासाठी दुकानात परत जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी दाराबाहेर चपलांपाशी उभा राहायचो. आत सात-आठ माणसं. त्यात माझी बायको, आणि मीटर रीडिंगच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक काका. काकांची प्रार्थना त्यांच्या नोकरीसारखीच. इमारतीतल्या एकेका घराची नोंद घेतल्याशिवाय पुढच्या इमारतीकडे जात नाहीत. पहिल्या मजल्यावरचा ताप, दुसऱ्यावरची परीक्षा, गच्चीवरची गळती. बाहेर उभा राहून मी मनात म्हणायचो, काका, वरच्या ऑफिसात सगळी रीडिंग आधीच पोचलेली असतात.

तिसऱ्या बुधवारी सिस्टर दारात आल्या.

"दुकानदार, चेहरा लाल दिसतोय. बीपी कधी बघितलं?"

"तीन मजले दोनदा चढलोय, चेहरा काय हिरवा दिसणार?"

"आत या. दोन मिनिटांचं काम आहे."

आत गेलो. माझ्याच खुर्चीवर मला बसवलं. दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता पाच मिनिटं गप्प बसायचं. चढून आल्याआल्या माप खरं येत नाही. बोलायचं नाही, हलायचं नाही." आणि मंडळींकडे वळून, "चला, तोवर आपण प्रार्थना करू."

दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखा मी. पट्टा माझ्या दंडाला आणि फुगा सिस्टरच्या हातात. उठून जाणार कुठे? पाच मिनिटांत काका दुसऱ्या मजल्यापर्यंत आले होते. मग सिस्टरनी डोळे मिटल्यामुळे मापायचं राहिलं. ते एकदाचं झालं शेवटच्या आमेननंतर. आकडा ऐकून बायकोने माझ्या हातातली खारी काढून घेतली. सिस्टरनी स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर, त्या बुधवारच्या चौकोनात, पेन्सिलीने आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "दर बुधवारी बघायला लागेल."

असा मी आत बसायला लागलो. प्रार्थनेला नव्हे, बीपी मापायला. हा फरक मी सगळ्यांना स्पष्ट सांगितला होता आणि सगळ्यांनी मान डोलावली होती.

मला तिथे काही दिसलं नाही, आकाशवाणी झाली नाही. सुरुवातीला नुसता पंखा ऐकू यायचा. त्याची एक पाती वाकडी आहे हे मी दोन महिने ऐकत होतो. पण आठवड्यात एक तास असा होऊन बसला की त्यात मला कोणाकडून काही काढून घ्यायचं नव्हतं आणि माझ्याकडून कोणी काढून घेत नव्हतं. दुकान उघडल्यापासून असा तास माझ्या वाट्याला आला नव्हता. बुधवार आला की दुपारपासून मी खुर्च्या पुसायला घ्यायचो. बायको म्हणाली, "एवढं बीपी मापायला आवडतं तुम्हाला?" मी म्हटलं, भाड्याचा माल स्वच्छ द्यावा लागतो.

वर्ष सरलं आणि रस्ता रुंद होणार अशी नोटीस आली. आमच्या रांगेतली सगळी दुकानं जाणार. ज्यांचे जुने कागद पुरे असतील ते पात्र, त्यांना दुसरीकडे जागा. बाकीचे अपात्र. माझ्या शटरवर लाल रंगाने नंबर पडला.

ते दुकान म्हणजे नुसती दहा बाय चौदाची जागा नव्हती. लग्नाआधी सात वर्षं मी त्यातच झोपलो, विकायला आलेल्या खाटांवर. खाट विकली गेली की अंथरूण दुसऱ्या खाटेवर. बायकोच्या वडिलांनी मला पाहिलं ते त्याच दुकानात, आणि जाताना एक स्टूल नेलं, त्याचा भाव मी कमी केला नाही, त्यावर खूश होऊन त्यांनी मुलगी दिली. दुकान गेलं तर मी पुन्हा एका पिशवीचा माणूस. आणि कागद पुरे नव्हते. पहिल्या वर्षांच्या पावत्या एका लाकडी पेटीत ठेवल्या होत्या. उघडली तर आत भुसा. ज्या वाळवीच्या नावाने मी आयुष्यभर भाव पाडले, तिने एकदाचा सूड उगवला होता.

त्या आठवड्यात मी ऑफिसातल्या साहेबाशी भांडलो, शेजारच्या दुकानदाराशी भांडलो, आणि रिक्षावाल्याशी भांडून अर्ध्या रस्त्यात उतरलो. बुधवारी खुर्च्या घेऊन गेलो, मांडल्या, बसलो. सिस्टरनी विचारलं, "कोणाचा काही प्रार्थनेचा विषय?"

हे दर वेळी विचारतात. मी दर वेळी "काही नाही" म्हणतो. त्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "आमच्या दुकानासाठी. नोटीस आलीय. ह्यांना झोप नाही."

माझं डोकं फिरलं. धंद्यात एक गोष्ट पाळावी लागते: आपण अडचणीत आहोत हे बाजाराला कळू द्यायचं नाही. कळलं की भाव पडतो. आणि हिने आठ जणांसमोर पाटी लावली. मी उठलो, बाजूची रिकामी खुर्ची धाडकन मिटली. दुसरी मिटली.

"अहो, काय करताय?"

"खुर्च्या माझ्या आहेत. नेतोय."

मला वाटलं, कोणीतरी अडवेल, मग भांडता येईल. कोणी अडवलं नाही. सिस्टर उठून उभ्या राहिल्या आणि आपली खुर्ची मिटून माझ्या हातात दिली. मग बाकीचे उठले. एकेक खुर्ची मिटून भिंतीला टेकवली, काकांनीसुद्धा. काकांचा उजवा गुडघा गेलेला आहे, जिना चढायला त्यांना पंधरा मिनिटं लागतात. ते खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. माझ्या दुकानाची.

आणि ते काका. नोटिसीवरच्या सहीपासून सुरुवात. मग साहेब, साहेबाचा कारकून, कारकुनाचं कपाट, त्यातली फाइल. मग वाळवीने खाल्लेल्या पावत्या, मग माझी झोप, मग माझ्या बायकोची झोप, जी माझ्या कुशी बदलण्याने मोडते. माझ्या दोन्ही हातांत खुर्च्या लटकलेल्या. दाराकडे जायचं तर काका वाटेत. त्यांचा गुडघा थरथरताना दिसत होता आणि ते थांबायला तयार नव्हते.

मी एक खुर्ची उघडून त्यांच्या मागे ठेवली. ते डोळे न उघडता बसले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. मग मी बाकीच्या नऊ उघडल्या.

नंतर पट्टा बांधताना सिस्टर एवढंच म्हणाल्या, "मांडणं जमतं तुम्हाला. उचलणं एवढं चांगलं जमत नाही."

मग सुनावण्या. तारीख मिळायची, जायचो, पुढची तारीख घेऊन यायचो. एका बुधवारी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मी देवाला सौदा दिलाय. दुकान वाचलं तर एक वर्ष खुर्च्या फुकट.

"एकच वर्ष?" सिस्टर म्हणाल्या.

"बरं, दोन."

"तो काही बोलला का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही एकटेच भाव वाढवताय, दुकानदार."

सगळे हसले. बायको तर पदर तोंडाला लावून. मी चिडलो, कारण काकांचं बरोबर होतं. समोरचा गप्प बसला की आपण गप्प बसायचं, जो आधी बोलतो तो हरतो. हा माझा नियम, आणि मी दोन वर्षांवर गेलो होतो.

"घासाघीस करू नये असं नाही," सिस्टर म्हणाल्या. "बायबलातल्या आपल्या मूळपुरुषाने केलीच होती देवाशी. पन्नास भले लोक सापडले तर गाव वाचवशील ना, असं करत पन्नासावरून दहावर आणलं."

"मग? वाचलं गाव?"

"नाही."

"मग उपयोग काय?"

"तो माणूस मात्र रोज बोलायला लागला ना देवाशी," त्या म्हणाल्या. "हात सरळ ठेवा. हलू नका."

माझं नाव अपात्रांच्या यादीत आलं. अपील केलं, ते अजून पडून आहे. गेल्या महिन्यात दुकानं पाडायला मशीन आलं. माल मी आधीच हलवला होता, काही टेम्पोवाल्याच्या गोडाऊनमध्ये, काही घरी. आमच्या हॉलमध्ये सध्या तीन-तीन आरशांची तीन ड्रेसिंग टेबलं आहेत, बायकोला तिचं तोंड एकाच वेळी नऊ बाजूंनी दिसतं. खाली राहिल्या होत्या त्या बुधवारच्या दहा खुर्च्या, त्या फुटपाथवर.

मशीन सकाळी आलं. मी ठरवलं होतं की ड्रायव्हरला असं काही सुनावायचं की त्याने नोकरी सोडावी. तेवढ्यात रिक्षातून सिस्टर उतरल्या, काखेत बीपीचं मशीन. एक खुर्ची उघडून मला म्हणाल्या, "बसा."

"सिस्टर, आज नको."

"आजच. पाच मिनिटं. बोलायचं नाही."

बायको माझ्या दुसऱ्या बाजूला खुर्ची उघडून बसली. रस्त्याच्या कडेला आम्ही तिघं, समोर माझं दुकान. लोखंडी दात शटरला लागले, पत्रा दुमडला. मागच्या भिंतीवर मी सतराव्या वर्षी ठोकलेला खिळा होता, शर्ट टांगायला. भिंत पडेपर्यंत तो दिसत होता. मला वाटलं होतं, ह्या क्षणी माझ्या आत काहीतरी कोसळेल. मी वाट बघत बसलो. बायकोचे ओठ हलत होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझेही हलतायत, आणि मी ड्रायव्हरला शिव्या देत नाहीये. काकांसारखं, एकेक करत चाललो होतो. हा ड्रायव्हर. धुळीत राहणारी त्याची छाती. शेजारचा दुकानदार, जो पात्र ठरलाय आणि माझ्याकडे बघायला लाजतोय. बायको. खिळा.

सिस्टरनी फुगा सोडला, आकडा बघितला, चष्मा वर करून पुन्हा बघितला.

"किती?" बायकोने विचारलं.

"नेहमीचंच आहे," सिस्टर म्हणाल्या.

मला त्याचा राग आला, खरंच सांगतो. माणसाचं दुकान पडतंय आणि त्याचं बीपी नेहमीचंच. चाळीस वर्षं जो माणूस पाच रुपयांसाठी रस्त्यावर भांडला, त्याची ह्यात काय अब्रू राहिली? माझी भीती, माझा संताप, माझ्या हक्काच्या गोष्टी होत्या. दर बुधवारी थोडंथोडं करून कोणीतरी त्या घरातून नेल्या आणि मला पत्ता लागू दिला नाही. ही माझी दुसरी तक्रार.

आता पहिली. गेल्या बुधवारी प्रार्थना संपल्यावर मी सिस्टरना म्हणालो, ह्या खुर्च्या आता ठेवायला जागा नाही. त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "आतल्या खोलीत ठेवा ना." आतल्या खोलीत मी सव्वादोन वर्षांत कधी गेलो नव्हतो, बाईंच्या झोपायच्या खोलीत कशाला जाईन? दार उघडलं. पलंगाच्या पलीकडे, चादरीखाली, काहीतरी उंच रचलेलं. फर्निचर चादरीखाली असलं तरी मला ओळखता येतं, तो माझा धंदा आहे. चादर उचलली. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एकात एक. चौदा.

चौदाही धड. जुन्या. पायांखाली रबर झिजलेलं, म्हणजे माझ्या आधी अनेक वर्षं दर बुधवारी वापरलेल्या.

बाहेर आलो. काका खिडकीबाहेर बघत होते, जे त्यांनी आधी कधी केलेलं नाही.

"सिस्टर, ह्या खुर्च्या?"

"चहा घ्या आधी. गार होतोय."

जिना उतरताना मी बायकोला विचारलं, "भाडं कोण देत होतं?"

"सिस्टर देत होत्या ना."

"सिस्टरना कोण देत होतं?"

ती कठड्याला धरून एक मजला उतरली. मग म्हणाली, "तुम्ही घरखर्चाला देता त्यातून वाचतं थोडं. मी भाजी घासाघीस करून घेते. तुमच्याकडूनच शिकले."

म्हणजे खुर्च्या माझ्या, पाठ माझी, पैसे माझे, आणि भाडं खिशात घालून मी दर बुधवारी खूश होऊन घरी जात होतो. माझ्याच पैशाने मला तिसऱ्या मजल्यावर चढवून, माझ्याच खुर्चीवर बसवून, पट्ट्याने बांधून ठेवलं. आणि नुसतं बोलावलं असतं तर मी आलो नसतो, हेही त्यांना ठाऊक होतं. असा सौदा मी आयुष्यात केलेला नाही. मला जमला नसता.

अपिलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. जागा मिळेल की नाही, माहीत नाही. सध्या धंदा फोनवर आणि जिन्याखाली चालू आहे. झोप लागते. का लागते, हे मी बायकोला विचारलं तर ती म्हणते, सिस्टरना विचारा.

म्हणून विचारतो. ह्या बुधवारी सिस्टर नेहमीप्रमाणे म्हणतील, कोणाचा काही प्रार्थनेचा विषय? ह्या वेळी मी "काही नाही" म्हणणार नाही. माझा विषय तयार आहे: चौदा खुर्च्या असताना दहा कशासाठी मागवल्या, हे सिस्टरनी स्वतःच्या तोंडाने सांगावं. माझी बायको बाजूला बसलेली असताना सांगावं. काकांनी डोळे उघडे ठेवून ऐकावं. चहा नंतर. पट्टा नंतर. मी पावणेसातला येतो आणि दारापाशी बसतो, म्हणजे कोणी स्वयंपाकघरात निसटणार नाही. तुम्ही उत्तर द्यायचं, सिस्टर. आणि त्याआधी हेही सांगायचं, की मांडायला मी तुमच्या लाल खुर्च्या काढू की माझ्या.